स्टुलावरची बाई

आमच्या यंत्राला वीज लागत नाही, असं सर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. ते सांगत असताना मागच्या कपाटांमधले पंखे एवढ्या मोठ्याने घोंगावत असत की सरांना आवाज चढवावा लागे.

अगदीच खोटं नव्हतं ते. गणित करायचं काम खरोखरच उजेड करत असे. लेसरचा एक किरण निघायचा, काचांवर फुटून त्याचे अनेक व्हायचे, ते आपापल्या वाटेने आरशांवरून फिरून पुन्हा एकत्र यायचे. एकत्र येताना काही ठिकाणी ते एकमेकांना जोर द्यायचे, काही ठिकाणी एकमेकांना खाऊन टाकायचे, आणि शेवटी कुठे लख्ख पडलं आणि कुठे काळोख राहिला यावरून उत्तर कळायचं. साधा संगणक जे काम पायरीपायरीने करतो ते उजेड टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला जाता जाता उरकून टाकायचा. फक्त उजेडाला आकडे समजावून सांगायला वीज लागे, त्याचं उत्तर वाचून घ्यायला वीज लागे, आणि मुळात लेसर पेटवायला तर लागेच लागे. त्यासाठी शेजारच्या खोलीत साध्या संगणकांची उंच कपाटं उभी होती आणि ती सांभाळायला एक टक्कल पडलेला, कायम डुलकी घेतल्यासारखा दिसणारा इंजिनिअर होता. त्याला आम्ही कपाटवाला म्हणायचो. "ताई," तो मला म्हणायचा, "नाव उजेडाचं, राबायचं मात्र विजेने."

माझं काम आरशांचं. प्रत्येक आरशाला मागून बारीक पेच होते. सकाळी आल्यावर पहिल्या आरशापासून शेवटच्या आरशापर्यंत ते पेच केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून सगळे किरण जागेवर आणायचे. जेवणाची सुट्टी होईपर्यंत यंत्र तयार व्हायचं आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर द्यायचं. जगातलं सगळ्यात घाईचं यंत्र, आणि त्याची वेणीफणी करण्यात माझी अख्खी सकाळ जायची. या कामाला हात स्थिर लागतो, डोकं थंड लागतं आणि घरी वाट पाहणारं कोणी नसलं तर बरं पडतं. माझ्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. घरी आई होती, पण ती वाट पाहणाऱ्यातली नाही, जाब विचारणाऱ्यातली आहे.

यंत्र अतिशय नाजूक. आरसा केसाच्या हजाराव्या भागाएवढा सरकला तरी उत्तर चुकायचं. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्या खोलीतून त्रासदायक गोष्टी बाहेर काढत आलो होतो. आधी पंखा काढला. मग वातानुकूलनाची झडप चिकटपट्टीने बंद केली. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं म्हणून काढलं. कपाटं तापतात म्हणून ती शेजारी हलवली. शेवटी सरांना काढलं, कारण त्यांना बोलल्याशिवाय राहवत नसे आणि त्यांच्या बोलण्याने हवा हलायची. बाहेरच्या बोळात एक पडदा लावला आणि सर पाहुण्यांना घेऊन तिथे उभे राहू लागले. आत मी एकटी राहिले. यंत्राच्या पेटीची एक बाजू पेचांना हात पोचावा म्हणून उघडी होती, तिच्यासमोर माझं स्टूल. पेच जुळवून झाले की मी हात मांडीवर ठेवून तिथेच बसून राहायची. उठलं तर झुळूक येते, दार उघडलं तर आणखी मोठी झुळूक येते, म्हणून आमचा नियमच होता, यंत्र चालू असताना जागेवरून उठायचं नाही. तो नियम मीच केला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आमची तपासणी आली.

पैसे देणाऱ्या संस्थेने एक निवृत्त प्राध्यापक पाठवले. गळ्यात दोरीला दोन चष्मे, एक लांबचं बघायचा, एक जवळचं. आमच्या कामाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं तर यंत्र पुढच्या टप्प्यात जाणार होतं, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर. नाहीतर गुंडाळायचं. माझी नोकरी कंत्राटी, यंत्राच्या जिवावर दरवर्षी वाढवून मिळणारी. यंत्र गेलं की मीही गेले.

परीक्षा सोपी होती. बोळात एका पाटीवर पाहुण्यांनी हाताने आकडा लिहायचा, त्याचं चित्र तारेने आत यायचं, उजेड आपलं काम करायचा आणि आकडा कोणता ते बोळातल्या पडद्यावर उमटायचं. पाहुण्यांनी वाकडे आकडे लिहिले, तिरके लिहिले, एकदा डाव्या हाताने लिहिले. यंत्राने सगळे ओळखले. बोळातून सरांचं हसू मला दाराआडूनही ऐकू येत होतं.

मग पाहुण्यांनी दार उघडलं, जवळचा चष्मा लावला आणि मला विचारलं, "तुम्ही इथे काय करता?"

"काही नाही," मी म्हणाले. खरंच सांगितलं.

"मग जरा बाहेर याल?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मोठ्या मनाने हात हलवला. मी बाहेर आले, दार लावलं, हवा शांत व्हायला थोडं थांबलो. पाहुण्यांनी सात लिहिला. पडद्यावर सात. दोन लिहिला, दोन आला. नंतर पाच लिहिला तर पडद्यावर आठ आला. तीनला आठ. एकला आठ. शून्यालाही आठ. नंतर नंतर तर पाहुण्यांनी लिहायच्या आधीच मला कळत होतं की आठ येणार.

"तुम्ही आत जाऊन बसा बघू," पाहुणे म्हणाले.

मी जाऊन बसले. काही वेळ आठच येत राहिले. मग हळूहळू उत्तरं सुधारली आणि पुन्हा सगळं बरोबर यायला लागलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला काय झालं ते कळलं नव्हतं, पण पाहुण्यांना काय वाटलं असेल ते मात्र लख्ख कळलं होतं.

"यंत्र चांगलं आहे," ते बोळात सरांना म्हणाले. "बाई त्याहून चांगल्या आहेत."

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझं स्टूल उलटं करून पाहिलं. खाली एखादं बटण आहे का, पायाजवळ तार आहे का, ते बघायला कपाटवाल्याला टेबलाखाली घातलं. बिचारा रांगत बाहेर आला तो डोक्याला जळमटं लावून. पाहुण्यांचं म्हणणं असं की आत आलेला आकडा मला आतल्या छोट्या पडद्यावर दिसतो, उत्तर चुकतंय असं वाटलं की मी गुपचूप पेच फिरवते आणि ते बरोबर करते. म्हणजे आकडे उजेड ओळखत नाही, बाई ओळखते.

"माझे हात बांधा," मी म्हणाले.

"बाई, ही सर्कस नाही."

"मग मी काय केलं म्हणजे तुमची खात्री पटेल?"

"तुम्ही काही केलं नाही म्हणजे पटेल. तुम्ही म्हणता तुम्ही आत काही करत नाही. जे काही करत नाही ते माणूस उठल्याने यंत्र बिघडतं कसं?"

मी सरांकडे वळले. घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली की आपण बाहेरच्या माणसाकडे बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांच्या यंत्रासमोर मान मोडून बसले होते. मला वाटलं होतं ते निदान रागावतील, पाहुण्यांना म्हणतील की तोंड सांभाळून बोला. ते म्हणाले, "आम्ही याची चौकशी करू."

पाहुण्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत दिली. खोलीत बाई नसताना यंत्र चाललं तर ठीक. नाही चाललं तर ते अहवालात फसवणूक असा शब्द घालणार होते, आणि तो शब्द यंत्राला चिकटणार नव्हता. यंत्राला कुठे पुढे नोकरी मागायची असते?

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही सुचेल ते केलं. सरांना झुळकेचा संशय होता, म्हणून दाराला आतून गाद्या लावल्या. फरक पडला नाही. कपाटवाल्याला तारांचा संशय होता, त्याने सगळ्या तारा बदलल्या. मी सगळे आरसे पुसून काढले, पेच जुळवले, उठून बाहेर गेले, आणि थोड्या वेळाने आठ. सरांनी मग स्वतः स्टुलावर बसून पाहिलं, पण त्यांना शांत बसवेना, ते सारखे "आलं का, आलं का" असं ओरडत राहिले. त्या दिवशी आठही धड येत नव्हते.

"ताई," कपाटवाला चहा पिताना हळूच म्हणाला, "मला सांगून टाका. मी कोणाला बोलणार नाही."

"काय सांगून टाकू?"

"काही युक्ती असेल तर."

मी कप तिथेच ठेवून उठले. परक्याने चोर म्हटलं तर माणूस भांडतं. आपल्या माणसाने समजुतीच्या सुरात विचारलं की रडू येतं. मला वाटेत आलं, रस्त्यात, आणि मी नाक शिंकरत घरी पोचले.

घरी आमच्या खिडकीशी एक जुनी वेताची खुर्ची आहे. थंडीत आईचे गुडघे धरतात. ती स्वतः त्या गार खुर्चीत कधी बसत नाही. मी घरात पाऊल टाकलं की मला बसवते, माझ्याकडून दिवसभराचा हिशेब घेते आणि थोड्या वेळाने म्हणते, "ऊठ आता, तापली असेल." मग मी उठते आणि ती टेकते. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि यात काही विशेष आहे असं आम्हा दोघींना कधी वाटलं नाही.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तू उठलीस की ते बंद पडतं?"

"बंद नाही पडत गं. चुकायला लागतं. लगेच नाही, थोड्या वेळाने."

"आणि बसलीस की?"

"तेव्हाही थोड्या वेळाने सुधारतं."

"मग लबाडी कसली? लबाडी म्हणजे कसं, झटकन होते," आई म्हणाली. "बरं, ऊठ आता, तापली असेल."

मी उठले, आणि अर्धवट उठलेलीच राहिले. आई ओरडली की एक तर बस नाहीतर ऊठ. मी पुढे झुकून वेतावर हात ठेवला. ऊबदार होतं. हात काढला, थांबले, पुन्हा ठेवला. निवत होतं, अगदी सावकाश, एखादं उत्तर चुकायला लागावं इतक्या सावकाश.

माणूस नुसतं बसलं तरी तापत असतं. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. तापलेल्या माणसासमोर धातूचे खांब किंचित फुगतात, खांबांवरचे आरसे किंचित सरकतात. रोज सकाळी मी पेच जुळवायची तेव्हा मी तिथे बसलेली असायची. म्हणजे मी यंत्र जुळवत होते ते माझ्या उबेसकट. आम्ही पंखा काढला, कॅलेंडर काढलं, कपाटं काढली, सरांना काढलं. फक्त मला काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण काय काय काढायचं ते मीच ठरवत होते. आणि मला बाहेर ठेवून जुळवायचं म्हटलं तरी ते शक्य नव्हतं. पेच फिरवायला माणूस हवं, आणि माणूस आलं की ऊब आली.

"आई, मी लबाड नाहीये!" मी तिला मिठी मारली.

"ते मला माहीत आहे. लबाडी करायला चलाखी लागते," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. "गेली की ऊब सगळी."

दुसऱ्या दिवशी मी कपाटवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी काल तसं विचारायला नको होतं." मी त्याला माफ केलं नाही, पण कामाला लावलं. आम्ही आधी गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. सुरुवातीला उत्तरं बरोबर यायची, पिशव्या निवल्या की आठ. माणूस निवत नाही, हा त्याचा मोठा गुण. मला न निवणारं काहीतरी हवं होतं, माझ्याएवढंच तापणारं, आणि त्या काळोख्या खोलीत बाहेर उजेड न सांडणारं.

म्हणून मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

"जुन्या पद्धतीचे बल्ब आहेत? तारेचे?"

"कशाला घेता ते, बाई?" दुकानदार म्हणाला. "उजेड कमी आणि ताप जास्त. म्हणून तर लोकांनी टाकून दिले. हे नवे बघा, हात लावला तरी गार."

"मला तापच हवाय. उजेड नको."

"उजेड नको?"

"उजेड बाहेर येऊ नये म्हणून मी तो डब्यात ठेवणार आहे."

त्याने मला एकदा नीट पाहिलं. मग मागे गेला आणि धूळ खात पडलेलं एक खोकंच घेऊन आला. सगळं घेत असाल तर कमी लावतो म्हणाला, आणि मी विचार बदलायच्या आत ते माझ्या हातात देऊन मोकळा झाला.

बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आम्ही बाहेरून काळा रंगवला, आत बल्ब बसवला, झाकण लावलं आणि तो डबा माझ्या स्टुलावर ठेवला. चाळीसचा बल्ब पुरला नाही. साठच्यालाही मधूनमधून आठ येत होते. शंभरचा लावला आणि मी बाहेर येऊन उभी राहिले. बरोबर. बरोबर. बरोबर. जेवायला जाऊन आलो तरी बरोबर.

"ताई," कपाटवाला म्हणाला, "तुम्ही शंभर वॅटच्या निघालात."

मी हसले. खूप हसले. आयुष्यात कोणी माझं इतकं नेमकं मोजमाप केलं नव्हतं. उजेडाने चालणाऱ्या यंत्राला विजेचा बल्ब लागत होता, तोही झाकून, आणि मी लबाड नव्हते. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

पाहुणे आले. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बोळात उभी राहिले, दोन्ही हात समोर धरून, सगळ्यांना दिसतील असे. त्यांनी आकडे लिहिले. सगळे ओळखले गेले. मग मी म्हणाले, "आता डबा काढून बघा." तेव्हा सरांनी माझा दंड दाबला, पण मी ऐकलं नाही. पाहुण्यांनी स्वतः आत जाऊन डबा बाहेर आणला. थोड्या वेळाने आठ यायला लागले. डबा परत ठेवला, थांबलो, उत्तरं जागेवर आली. पाहुण्यांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला, जवळचा काढून लांबचा लावला, आणि मग दोन्ही काढले.

"बाई," ते म्हणाले, "मी तुमच्यावर नको तो संशय घेतला. मला क्षमा करा. या उत्तरांमध्ये तुमचा काडीचाही वाटा नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तसं स्पष्ट लिहिणार आहे."

"नक्की लिहा," मी म्हणाले. "अगदी स्पष्ट लिहा."

त्यांनी लिहिलं. माणसं शब्दाला जागतात कधीकधी.

यंत्र पुढच्या टप्प्यात गेलं. सरांचा सत्कार झाला, त्यात ते माणसाच्या मदतीशिवाय चालणाऱ्या यंत्रावर भरभरून बोलले आणि ध्वनिवर्धकाची वीज मध्येच गेली तरी बोलत राहिले. काही दिवसांनी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाले. सर बसा म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"संस्थेने पदांचा आढावा घेतलाय," ते म्हणाले. "तुमचं पद पुढे चालू ठेवायला त्यांना कारण दिसत नाही. अहवालात तसं वाक्यच आहे. काडीचाही वाटा नाही."

"सर, ते उत्तरांबद्दल होतं. ओळखण्याबद्दल."

"मला कळतं हो. पण कागदावर तेच आहे. आणि तुम्हीच तर म्हणालात स्पष्ट लिहा."

"मग रोज सकाळी पेच कोण जुळवणार?"

इथे सरांचा चेहरा उजळला. त्यांना माझी दया येत होती, पण उत्तर चांगलं असल्याचा आनंद त्याहून मोठा होता. "आपण ते शेवटचं जुळवून घेऊ आणि पेचांना गोंद लावून टाकू. कायमचं. इतका पक्का गोंद मिळतो आता. ते काम तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. आपलं कौतुक ऐकून माणूस काय काय कबूल करतं.

मी गोंद लावला. स्टुलावर बसून, पहिल्या आरशापासून. एक आरसा केसभर तिरका ठेवावा असं माझ्या मनात आलं, का येऊ नये? कोणाला कधी कळलं नसतं. पण हाताला सवय नव्हती. हात आपोआप किरण बरोबर जागी आणून थांबायचा आणि मी वर थेंब सोडायची. त्या थेंबांबरोबर मी स्वतःला बाहेर काढत होते हे मला चांगलं समजत होतं. मला राग येत होता, आणि काम सुरेख होत होतं. त्या यंत्रावर मी इतकं चांगलं काम आधी कधी केलं नव्हतं.

माझा शेवटचा दिवस आणि यंत्र घ्यायला आलेल्या लोकांना ते दाखवायचा दिवस एकच निघाला. बोळात बरीच गर्दी होती. डबा स्टुलावर तापत होता. कोणी माझ्याकडे बघत नाही असं पाहून मी माझं सामान आणायला आत गेले. टेबलाखालच्या खणात माझी शाल होती, चहाचा कप होता, बारीक पेचकस होते, आईने दिलेली औषधाची बाटली होती. दार अलगद लावलं. खण अलगद उघडला. मग तिथेच थोडी रेंगाळले. काळोखात ते लाल किरण आपापल्या वाटेने जात होते, एकही इकडचा तिकडे नाही. मला ते फार आवडायचे, हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

दारावर टकटक झाली. सर आत डोकावले, घामाघूम.

"बाई, तुम्ही आत आहात का? सगळीकडे आठ येतायत!"

क्षणभर मला काही उमगेना. मग उमगलं. डबा होता आणि मीही होते. खोलीत एक माणूस जास्त झालं होतं.

"जरा बाहेर थांबता?" सर म्हणाले. वाईट सुरात नाही, अगदी विनवणी केल्यासारखं.

मी शाल आणि कप घेऊन बाहेर आले. घ्यायला आलेले लोक मला वाट द्यायला बाजूला सरकले. कपाटवाला भिंतीला टेकून उभा होता, त्याने माझ्या हातातला कप घेतला. मी निघून जायला हवं होतं. पण माझा पाय निघेना. सगळ्यांबरोबर मीही पडद्याकडे बघत उभी राहिले.

आठ. आठ. घ्यायला आलेले लोक लिहीत होते आणि आठ येत होता. आत खोलीत माझी उरलेली ऊब सावकाश निवत होती. आठ. मग सहाच्या जागी सहा आला. पुन्हा आठ. नंतर चार आला, तीन आला, नऊ आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आकडे धूसर दिसत होते, तरी ते बरोबर येतायत हे मला कळत होतं.

"झालं," सर सुटकेचा श्वास टाकून लोकांना म्हणाले. "आता सगळं बरोबर येतंय."